अडीच किलोचं बाळ आणि विशीतली साखर

शेवगा (धागाकर्ती)

मी आहारतज्ज्ञ आहे. अलीकडे माझ्याकडे अठरा ते पंचवीस वयाची अशी मुलं येऊ लागली आहेत की अंगानं हडकुळी आणि हातात उपाशीपोटी साखर १०८, ११४ असा वाढलेला रिपोर्ट. सोबत आलेली आई म्हणते, "याच्या अंगावर मांस नाही हो, याला कुठून साखर?" मी विचारते, "जन्मला तेव्हा वजन किती भरलं होतं?" बहुतेक आयांना ते तोंडपाठ असतं. दोन किलो तीनशे. अडीचला थोडं कमी. या प्रश्नाचा आणि रिपोर्टचा काय संबंध, ते नीट सांगावं म्हणून हा धागा.

या विषयावरचं जगभर वाचलं जाणारं बरंचसं काम पुण्यात झालंय. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९८७ ते ८९ मध्ये जन्मलेल्या मुलांना चौथ्या वर्षी पुन्हा बोलावलं, ग्लुकोजचं पाणी पाजलं आणि रक्त तपासलं. जन्मवजन जितकं कमी, तितकी अर्ध्या तासानंतरची साखर आणि इन्सुलिन जास्त. चौथ्या वर्षी! आठव्या वर्षी पुन्हा पाहिलं, तेव्हा सगळ्यात वाईट आकडे होते जन्मताना लहान आणि आठव्या वर्षी वजनदार झालेल्या मुलांचे.

मग १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू झालं. दिवस जायच्या आधीपासूनच बायकांची उंची, वजन, आहार यांची नोंद ठेवली. सरासरी उंची १५२ सेंमी, वजन ४२ किलोच्या आसपास. गरोदरपणात खाणं दिवसाला जेमतेम १८०० कॅलरी, प्रथिनं ४५ ग्रॅम. वर पाणी भरणं आणि शेतातली कामं होतीच, आणि जिचे कष्ट जास्त तिचं बाळ लहान, असंही त्यात दिसलं. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५.

तिथल्या आणि इथल्या बाळांची मापं शेजारी ठेवल्यावर खरी गोष्ट कळली. आपल्या बाळाचं पोट लहान, दंडाचा घेर लहान, म्हणजे पोटातले अवयव आणि स्नायू कमी. पण पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली चिमटीत धरून कातडीखालची चरबी मोजली, तर तिथे फरक अगदी थोडा. बाळ सगळीकडून सारखं लहान नव्हतं. मांस गेलं होतं, चरबी राखली होती. नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त सापडलं. हे २००२-०३ मध्ये प्रसिद्ध झालं आणि 'बारीक पण चरबीचं भारतीय बाळ' ही कल्पना तिथून रूढ झाली.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, तोच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. माझ्या टेबलावर तो फोटो असतो. तो दाखवला की पुढचं समजावणं सोपं जातं.

त्या सहा गावांतली बाळं अठरा वर्षांची झाली तेव्हा मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर नेहमीच्या पातळीच्या वर होती, बहुतेकांची मधुमेहपूर्व पायरीवर. आणि या सगळ्या मुलामुलींपैकी जवळपास निम्मी कमी वजनाची होती, बीएमआय साडेअठराच्या आत. अठराव्या वर्षी ज्यांची साखर वर गेली, त्यांची उपाशीपोटी साखर सहाव्या आणि बाराव्या वर्षीही इतरांपेक्षा थोडी जास्तच होती.

कारण थोडक्यात असं. पोटात पुरेसं पोषण मिळालं नाही की गर्भ मेंदूला आधी देतो. कात्री लागते स्वादुपिंड, मूत्रपिंड, यकृत आणि स्नायूंना. जेवणानंतर रक्तातली साखर मुख्यतः स्नायू उचलतात. ते कमी, आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची कुवतही कमी. असं शरीर शेतात राबत असेपर्यंत निभावून नेतं. पुढे बैठं काम, बाहेरचं खाणं आणि पोटावर चार-पाच किलो आले की त्याची क्षमता संपते. पाश्चात्त्य माणूस जिथे बरंच जास्त वजन वाढल्यावर पोचतो, तिथे आपला मुलगा तेवढ्यात पोचतो.

एक विनंती. आईला दोष देणारे प्रतिसाद नकोत. ती बेचाळीस किलोची का राहिली, हे विचारा.

जुळ्यांचा_बाबा

ताई, धागा वाचून पोटात गोळा आला. आमची जुळी पस्तिसाव्या आठवड्यात झाली. १.९ आणि २.१ किलो. आता सात महिन्यांची आहेत. घरात सगळे मागे लागलेत की अंग धरायला हवं, पावडरचा डबा सुरू करा, तूप वाढवा, केळं कुस्करून दिवसातून तीनदा द्या. आणि तुम्ही म्हणताय लहान जन्मून वजनदार होणं सगळ्यात वाईट. मग करायचं काय? कमी खायला द्यायचं का?

शेवगा

नाही दादा, कमी अजिबात नाही.

लवकर जन्मलं म्हणून लहान आणि पोटात वाढ खुंटली म्हणून लहान, या दोन वेगळ्या गोष्टी. पस्तिसाव्या आठवड्याला दोन किलोच्या आसपास, तेही जुळ्यांत, हे फार कमी नाही. त्यांची वाढ बघताना वय पाच आठवड्यांनी कमी धरा, म्हणजे उगाच घाबरायला होणार नाही. पहिल्या दोन वर्षांत वाढ भरून निघणं मेंदूसाठी आणि उंचीसाठी हवंच.

दिल्लीत १९६९ ते ७२ मध्ये जन्मलेल्या मुलांचा मोठा अभ्यास आहे, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिशीच्या आसपास साखर वाढलेली माणसं कोण होती? दोन वर्षांपर्यंत बारीक राहिलेली आणि तिथून बाराव्या वर्षापर्यंत बीएमआय भराभर वाढत गेलेली. बाराव्या वर्षी ती लठ्ठ म्हणण्याजोगीही नव्हती. स्वतःच्या आधीच्या रेषेवरून ती वर सरकली होती, इतकंच.

म्हणजे दोन वर्षांपर्यंत बाळसं धरू द्या. त्यानंतर वजनाची रेषा उंचीच्या रेषेला सोडून वर पळत नाही ना, तेवढं बघा. माता-बाल संरक्षण कार्डातल्या वाढीच्या तक्त्यावर दर महिन्याला ठिपका द्या. एका ठिपक्यावरून काही ठरत नाही. पाच-सहा ठिपके जोडल्यावर रेषा कुठे चाललीय ते दिसतं. वजनाबरोबर लांबीही मोजून घ्या, ती बहुतेक ठिकाणी राहूनच जाते.

आईचं दूध चालू असेल तर चालूच ठेवा. वरचं अन्न दाट हवं: मऊ वरणभात, मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, थोडं तूप, अंडं चालत असेल तर अंडं. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर पावडरचा डबा कशाला? साखर घातलेलं काही नको. केळं एकदा पुरे.

विदागार

लेख आवडला, पण एक शंका मांडतो. जन्मवजन आणि साखर यांचा संबंध दिसतो म्हणजे एकामुळे दुसरं घडतं असं नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटरचे संशोधक अँड्र्यू हॅटर्सली यांनी १९९९ मध्ये उलट बाजूनं विचार मांडला होता. पोटातल्या बाळाची वाढ त्याच्या स्वतःच्या इन्सुलिनवर होते. मग इन्सुलिन कमी बनवणारं जनुक आईबापांकडून आलं, तर तेच बाळाला लहानही ठेवेल आणि पुढे मधुमेहही देईल. ग्लुकोकायनेज या जनुकात विशिष्ट दोष असलेली बाळं सुमारे अर्धा किलो हलकी जन्मतात, हे त्यांच्याच गटानं दाखवलंय. अशा वेळी आईच्या आहाराला सगळं श्रेय किंवा दोष कसा द्यायचा?

शेवगा

रास्त शंका. जनुकांचा वाटा आहेच. पण एक पुरावा जनुकांनी समजावता येत नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडल्यामुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. रोजचा शिधा हजार कॅलरींच्या खाली गेला. त्या काळात पोटात असलेल्यांची पन्नाशीच्या आसपास तपासणी झाली, तेव्हा त्यांची साखर पचवण्याची क्षमता त्याआधी किंवा नंतर पोटात असलेल्यांपेक्षा कमी निघाली. उपासमार जनुकं बघून आली नव्हती.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांतच ज्यांच्या आया उपाशी राहिल्या, त्यांची जन्मवजनं कमी नव्हती. तरी पुढे त्यांच्यात हृदयरोग जास्त दिसला. म्हणजे वजन हे कारण नाहीच. पोटात काहीतरी कमी पडलं, याची ती एक खूण आहे, आणि कधी कधी तीही उमटत नाही.

म्हणूनच बाळाचं वजन वाढवा एवढंच ध्येय धरलं तर गडबड होते. आईला मधुमेह असेल तर बाळ मोठं जन्मतं आणि त्यालाही पुढे मधुमेहाचा धोका असतो. आपल्याकडे तर दोन्ही एकत्र येतात. लहानपणी कुपोषित राहिलेली मुलगी शहरात येते, वजन वाढतं, गरोदरपणी साखर वर जाते.

थेम्सकाठी

इंग्लंडमधून लिहितेय. इथे दक्षिण आशियाई माणसांसाठी धोक्याची रेघ बीएमआय २३ पासून धरतात, इतरांसाठी २५ पासून. माझी जीपी, म्हणजे इथली फॅमिली डॉक्टर, म्हणाली, "तुमच्यासाठी माप वेगळं आहे," तेव्हा मला जरा रागच आला होता. पण ब्रॅडफर्ड शहरातल्या मोठ्या अभ्यासातही पाकिस्तानी वंशाची बाळं वजनानं कमी आणि चरबीच्या मानानं तितकी कमी नाहीत, असंच दिसलं. ती बाळं तर तिथेच जन्मलेली. मग एका पिढीत हे का सुटत नाही?

शेवगा

कारण आईचं शरीर एका पिढीत बदलत नाही. ज्या स्त्रीबीजातून मूल होतं ते स्त्रीबीज आई स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना तयार झालेलं असतं. आईची उंची तिच्या बालपणी ठरलेली असते. आजीच्या ताटात काय होतं, ते नातवापर्यंत पोचतं.

मालतीकाकू

माझं वय अडुसष्ट. आमच्या वेळी गरोदर बाईला सांगायचे, फार खाऊ नकोस, मूल मोठं झालं तर बाळंतपण अडेल. सातव्या महिन्यातही मी विहिरीवरून हंडे आणलेत. घरातले पुरुष, मग मुलं, मग सासूबाई, आणि शेवटी आम्ही सुना जेवायचो. दूध चहापुरतं. भाजी संपलेली असायची, आम्हाला आमटीचं पाणी आणि भाकरी. बाळंत झाल्यावर मात्र डिंकाचे लाडू, अळीव, खारीक-खोबरं, सगळं यायचं. म्हणजे बाळ पोटात वाढत होतं तेव्हा काही नाही आणि बाहेर आल्यावर सगळं. त्या वेळी कुणाला याचं वाईट वाटलं नाही. आता हे वाचून वाटतंय. शेवगा, नेमकं काय कमी पडत होतं ग?

शेवगा

काकू, तुम्ही लिहिलंत तेच त्या गावांत आकड्यांनी दिसलं. नुसत्या कॅलरींपेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध ज्यांच्या खाण्यात जास्त होतं, त्यांची बाळं मोठी होती, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं.

आणि बी१२ हे जीवनसत्त्व. त्या गावांतल्या सुमारे दोनतृतीयांश गरोदर बायकांच्या रक्तात ते कमी निघालं. फोलेट (म्हणजेच फोलिक ॲसिड) मात्र जवळपास सगळ्यांचं ठीक होतं, कारण भाज्या-डाळी होत्या आणि सरकारी गोळ्याही होत्या. सहाव्या वर्षी मुलं तपासली तेव्हा ज्यांच्या आईचं फोलेट जास्त आणि बी१२ कमी होतं, त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं. हे २००८ चं काम.

यावरून कुणी फोलिक ॲसिड बंद करू नका! बाळाच्या मणक्यातले आणि मेंदूतले दोष टाळायला ते लागतंच. दोन्हींची जोडी हवी, असा त्याचा अर्थ. बी१२ भाजीपाल्यात नसतं. दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतच असतं. घरातलं दूध चहातच संपत असेल तर शाकाहारी सुनेला ते मिळणार कुठून?

याच गावांतल्या मुलामुलींनी किशोरवयाच्या शेवटी, म्हणजे २०१२ पासून, एका चाचणीत रोज २ मायक्रोग्रॅम बी१२ घेतलं. पुढे त्यांतल्या मुलींना मुलं झाली आणि नाळेच्या रक्तातही बी१२ वाढलेलं आढळलं. इतक्या छोट्या मात्रेत! मुंबईच्या झोपडपट्ट्यांतही असाच एक प्रयोग झाला. पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ बायकांना दिवस जायच्या आधीपासून रोज दिला. बाळांच्या सरासरी वजनात फार फरक पडला नाही, पण गरोदरपणातला मधुमेह तुलनेच्या गटात १२ टक्के, तर हा खाऊ खाणाऱ्यांत ७ टक्के निघाला.

सह्यभटक्या

माझी केस सांगतो. वय २१, उंची १७२ सेंमी, वजन ५७. जन्मवजन २.२. महिन्यातून दोनदा गडावर जातो, त्यामुळे फिट समजत होतो. कॉलेजच्या शिबिरात एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ५.९ आलं. घरात शाकाहार. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा, पण अजून कुठून कमी करू?

शेवगा

वजन कमी करू नकोस. तुझा बीएमआय १९ च्या आसपास आहे.

आधी ते ५.९ खरं आहे का बघू. रक्तात लोह किंवा बी१२ कमी असेल तर एचबीए१सी खोटं वर दिसू शकतं, आणि शाकाहारी घरात दोन्ही कमी असणं नवल नाही. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२ तपासून घे. एकदा ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी करून घे. दोन तासांची साखर १४०च्या आत असेल तर बरंच हायसं वाटेल. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहपूर्व. रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जा, इथल्या माझ्या प्रतिसादावर थांबू नकोस.

तुला हवेत स्नायू. महिन्यातून दोन गड हा छंद झाला, रोजचा व्यायाम नाही. आठवड्यातून तीन दिवस तरी जोर, बैठका, सूर्यनमस्कार, वजनं, जे जमेल ते. मेसच्या थाळीत काय असतं? चार पोळ्या, भात, बटाटा आणि पातळ वरण. पोळी एक कमी कर, वरण दाट माग, सोबत उसळ आणि दही. जाता येता मूठभर फुटाणे-शेंगदाणे. आणि कमरेला टेप लाव, बेंबीच्या रेषेत. उंचीच्या निम्म्याच्या आत, म्हणजे तुझ्यासाठी ८६ सेंमीच्या आत राहिली पाहिजे. काट्यापेक्षा ती टेप जास्त खरं सांगेल.

सह्यभटक्या

टेप लावली. ७९. बाकी तपासण्या या आठवड्यात करतो. धन्यवाद ताई.

सातपुड्याची

मी आशा सेविका आहे, पाड्यावर काम करते. एवढं मोठं वाचायला वेळ लागला पण सगळं वाचलं. आमच्याकडे दोन किलोची बाळं नवीन नाहीत. बाळ झालं की आम्ही घरी जाऊन वजन करतो, आईच्या उघड्या छातीशी बांधून ऊब द्यायला शिकवतो, बाळ जगवतो. ते पुढे वीस वर्षांचं झाल्यावर काय होतं ते कुणी सांगितलं नव्हतं.

मला एक दिसतं ते लिहिते. शाळेत असेपर्यंत मुलीला लोहाची निळी गोळी मिळते. दिवस राहिले की नोंद होते, लाल गोळी मिळते, अंगणवाडीतून शिधा मिळतो. पण शाळा सुटली आणि लग्न झालं, दिवस अजून राहिले नाहीत, त्या मधल्या काळात तिला कोण विचारतं? आमच्याकडे पात्र जोडप्यांचं रजिस्टर असतं. नवी सून आली की नाव घालतो. मुलं किती, साधन काय वापरता, ते विचारतो. तिचं वजन किती, ते त्यात विचारत नाही. आणि पहिल्यांदा आमच्याकडे नोंद होते तेव्हा तिसरा-चौथा महिना उजाडलेला असतो. मग शेवगाताई सांगतात ते सुरुवातीचे महिने तर गेलेलेच असतात.

शेवगा

ताई, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा आहे. सगळे प्रयोग दिवस जायच्या आधीच्या काळाकडे बोट दाखवतात आणि नेमका तोच काळ मोकळा सुटतो.

वरून हुकूम येईपर्यंत एक करता येईल का? नाव घालायला जाता तेव्हा काटा सोबत न्या, आणि रजिस्टरच्या समासात वजन आणि उंची लिहून ठेवा. ४० किलोच्या खाली किंवा १४५ सेंमीच्या खाली असेल तर त्या नावापुढे खूण करा. तिला उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासायला पाठवता येईल, लोहाची गोळी तिथेच मिळेल. तिच्या सासूशी बोलताना दूध आणि अंड्याचा विषय काढा. सुनेसाठी म्हणून नको, नातवासाठी म्हणून काढा. सासूबाई ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

सातपुड्याची

काटा आहे, बाळाचा वेगळा आणि मोठ्यांचा वेगळा. उंचीसाठी भिंतीवर खडूनं रेघा मारता येतील. सासू अंड्याला नाही म्हणणार नाही, कोंबड्या घरच्याच असतात, अंडी बाजारात विकतात तेवढंच. आमच्या पाड्यावर या हंगामात नव्या सुना आल्यात, त्यांच्यापासून सुरू करते. दुसऱ्या आशांनाही ग्रुपवर पाठवते.

जुळ्यांचा_बाबा

आज दोघांची लांबीही मोजून आणली. कार्डावर ठिपके दिले. धाकटीची रेषा थोडी खाली आहे पण थोरल्याला समांतर चाललीय. डॉक्टर म्हणाले असंच चालू द्या, डबा नको. बायकोचंही बी१२ तपासायला दिलंय, तिचं कुणी आजवर बघितलंच नव्हतं.